विकत दिलेल्या सुरक्षा सॉफ्टवेअरचा सोर्स कोड खुला करायचा आहे. गिऱ्हाइकांना धोका न होता कसं करावं?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मी सांगलीचा, वय ५८. २००६ पासून छोटी सॉफ्टवेअर फर्म चालवतो. आज आम्ही तिघं आहोत: मी, एक प्रोग्रॅमर, आणि सपोर्टचे फोन व हिशेब दोन्ही सांभाळणारी एक मुलगी. उत्पादन एकच. सर्व्हरवरच्या फाइलींवर पहारा ठेवायचा. बसवताना ते ठरलेल्या फोल्डरांतल्या प्रत्येक फाइलीचा हॅश, म्हणजे फाइलीवरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, काढून नोंद करून ठेवतं. रोज रात्री डे-एंड, म्हणजे दिवसाचे व्यवहार बंद करायचं काम, उरकला की पुन्हा हॅश काढतं, जुन्या नोंदीशी ताडून बघतं, आणि सकाळी शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर मराठीत एक पान छापून देतं: या फाइली बदलल्या, ही नवीन आली, ही गेली. शाखाधिकारी त्यावर सही करतो आणि ते पान फायलीला लागतं. स्क्रीनवरची सूचना कुणी वाचत नाही, सही करायचं पान वाचलं जातं, हे मी पहिल्याच वर्षी शिकलो.

आमची गिऱ्हाइकं म्हणजे पतसंस्था आणि लहान नागरी बँका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात कॉसमॉस बँकेवर हल्ला होऊन ९४ कोटी रुपये गेले. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून देणारं परिपत्रक काढलं. त्यानंतर दोन वर्षं आम्हाला जेवायला सवड नव्हती. सगळ्यात जास्त होतो तेव्हा ४१ ठिकाणी आमचं सॉफ्टवेअर चालत होतं. आता २३. मोठ्या कंपन्या अँटिव्हायरसबरोबर असलं काम एकाच पॅकेजात देतात, आणि ते घेणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही. माझा प्रोग्रॅमर मार्चअखेर पुण्याला जातोय. मला हे अजून फार तर दोन वर्षं ओढता येईल.

घरचे म्हणतात, बंद करून टाका. पण चार वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतून रात्री साडेआठला फोन आला होता. सॉफ्टवेअर आमचं नव्हतं. त्यांचं ठेवींचं जुनं सॉफ्टवेअर होतं आणि ते देणारा माणूस वारला होता. लायसन्सची मुदत ३१ मार्चला संपली, १ एप्रिलला प्रोग्रॅम उघडेना. डेटा त्यांचाच, सर्व्हर त्यांचाच, पैसे वेळच्या वेळी भरलेले. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ मजकूर, त्या माणसाच्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉपचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. ठेवीदार पासबुकं घेऊन रांगेत उभे आणि शाखाधिकारी वहीत हातानं नोंदी करतोय. आम्ही अकरा दिवस बसून त्यांची टेबलं सोडवली. ते अकरा दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. माझ्यामागे त्या २३ ठिकाणी हे होऊ द्यायचं नाही.

म्हणून सोर्स कोड खुला करावा असं मनात आहे. एजंट (सर्व्हरवर बसून हॅश काढणारा भाग) सी प्लस प्लसमध्ये, कन्सोल (काय बघायचं ते ठरवायचा पडदा) डेल्फी ७ या जुन्या साधनात, मागं फायरबर्ड डेटाबेस. २००८ पासूनचा कोड एसव्हीएनमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या प्रणालीत, आहे.

मला झोप लागू देत नाही ती गोष्ट ही: हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असतं तर मी विचारायलाही आलो नसतो. हे पहारेकऱ्याचं सॉफ्टवेअर आहे. पहारेकरी कधी झोपतो, कुठल्या दाराकडं बघत नाही, हे सगळं त्या कोडमध्ये लिहिलेलं आहे. जे चालवतात ते वाचणार नाहीत. ज्याला आत शिरायचं आहे तो वाचेल. कुणी बंद उत्पादन असं खुलं केलेलं जवळून पाहिलं असेल तर सांगा. काय आधी करायचं, काय अजिबात करायचं नाही?

जुना_ॲडमिन

कृष्णाकाठ, डेल्फी आणि फायरबर्ड म्हणालात म्हणून सांगतो. तुमच्या प्रश्नावर सांगण्यासारखी सगळ्यात चांगली गोष्ट तुमच्याच सर्व्हरवर बसलेली आहे.

फायरबर्ड म्हणजे मूळचं बोरलँड या सॉफ्टवेअर कंपनीचं इंटरबेस. पैसे मोजून घ्यायचा, बंद डेटाबेस. जुलै २००० मध्ये बोरलँडनं इंटरबेस ६ चा सोर्स खुला केला आणि त्यावरून फायरबर्ड निघालं. काही महिन्यांतच फायरबर्डच्या मंडळींपैकी एकाला कोड वाचताना एक खातं सापडलं. नाव 'पॉलिटिकली', पासवर्ड 'करेक्ट'. इंटरबेसच्या ३०५० पोर्टपर्यंत (नेटवर्कवरून आत यायच्या दारापर्यंत) पोचलात की या दोन शब्दांवर सगळा डेटाबेस तुमचा. पासवर्ड बदलायची सोयच नाही, कारण तो प्रोग्रॅममध्ये कोरलेला. आणि हे १९९४ पासून, आवृत्ती ४ पासून तसंच चालत आलेलं. जानेवारी २००१ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट या संगणक सुरक्षा केंद्रानं त्या वर्षातली पहिली सूचना काढली ती यावरच.

मी तेव्हा पिंपरीत एका कारखान्याचा स्टोअरचा डेटाबेस सांभाळायचो, इंटरबेसवरच. सूचना वाचली आणि रविवारी जाऊन पॅच टाकला. टाकायच्या आधी ते दोन शब्द स्वतः टाइप करून बघितले. आत गेलो. चार वर्षं मी त्या सर्व्हरचा पासवर्ड दर महिन्याला बदलत होतो.

लोक ही गोष्ट 'खुलं केलं म्हणून सापडलं' एवढ्यावर थांबवतात. ते खरं आहे. बंद राहिलं असतं तर ते खातं अजून किती वर्षं राहिलं असतं कोण जाणे. पण तुमच्यासाठी दुसरी बाजू मोठी आहे. सोर्स बाहेर आला जुलैत आणि सूचना आली जानेवारीत. मधले सगळे महिने ते दोन शब्द जगात कुणालाही वाचता येत होते. आधी कुणी वाचले असतील तर तो सांगायला आला नाही.

तेव्हा खुलं करायच्या आधी तुमचा कोड तुम्ही स्वतः, चोर होऊन, पहिल्या ओळीपासून वाचा. 'सपोर्ट', 'मास्टर', 'टेस्ट', 'तात्पुरतं' हे शब्द शोधा. फायरबर्डचा मूळ पासवर्ड 'मास्टरकी' किती ठिकाणी तसाच आहे तेही बघा.

कृष्णाकाठ

जुना_ॲडमिन, तुमचं उत्तर वाचून त्याच रात्री बसलो. तीन रात्री झाल्या. जे सापडलं ते इथं लिहितोय, कारण लपवून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

'मास्टरकी' २३ पैकी १४ ठिकाणी तसाच आहे.

दुसरं याहून वाईट, आणि ते मी स्वतः लिहिलेलं आहे. २०११ मध्ये जतच्या एका गिऱ्हाइकाकडं अधिकारी कन्सोलचा पासवर्ड विसरले. पावसात जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडला. परत आलो आणि त्या आठवड्यात कन्सोलमध्ये रोजचा एक सपोर्ट पासवर्ड टाकला. दिवसाचा आकडा, महिन्याचा आकडा आणि एक ठरलेली संख्या यांचा हिशेब. फोनवर सांगता यावा म्हणून. तो हिशेब चार ओळींचा आहे आणि आजही प्रत्येक ठिकाणी चालतो. कोड वाचणाऱ्याला त्या चार ओळी कळायला एक मिनिट पुरेल. त्यानं कन्सोल उघडलं की तो पहाऱ्यातून कुठलंही फोल्डर काढू शकतो.

तिसरं. हॅशची मूळ नोंद आम्ही एन्क्रिप्ट करून ठेवतो, म्हणजे कुणी फाइल बदलून नोंदही बदलू नये. ती उघडायची किल्ली एजंटच्या आतच आहे आणि सगळ्या गिऱ्हाइकांकडं तीच आहे. २००९ मध्ये मला ते पुरेसं वाटलं होतं.

हे सगळं बंद कोडच्या आड चौदा-पंधरा वर्षं राहिलं. मी प्रत्येक सभेत छातीला हात लावून सांगितलं की आमचं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे. मला तसं खरंच वाटत होतं.

जुना_ॲडमिन

लिहिलंत हे बरं केलंत. आता एक लक्षात घ्या: ती किल्ली आजही गुप्त नाहीये. एजंटची एक्झी फाइल (चालणारा प्रोग्रॅम) ज्याच्या हाती पडली, आणि ती सर्व्हरवर शिरलेल्याच्या हाती पडणारच, त्याला ती किल्ली एका संध्याकाळी काढता येते. खुला कोड ते काम एका मिनिटावर आणेल, एवढाच फरक. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्सनं लष्करी सांकेतिक लेखनावर लिहिताना हेच मांडलं होतं: सगळी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी, किल्ली जवळ आहे तोवर अडचण येता कामा नये. तुमची किल्ली पद्धतीतच मिसळली आहे. ती वेगळी काढणं हे खरं काम. कोड खुला करणं त्यानंतर सोपं आहे.

यावर नवीन काही शोधू नका. ट्रिपवायर बघा, ते तुमच्याच जातीचं सॉफ्टवेअर आहे. १९९२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि युजीन स्पॅफर्ड यांनी केलं, पुढं किमनं त्याची कंपनी काढली, आणि २००० मध्ये त्या कंपनीनं लिनक्ससाठीची आवृत्ती जीपीएल या खुल्या परवान्याखाली खुली केली. कंपनीचं मोठं, विकायचं उत्पादन त्यानंतरही वेगळं चालू राहिलं. त्यात दोन किल्ल्या असतात. एक धोरणाच्या फाइलीवर सही करायची, म्हणजे काय बघायचं आणि काय नाही ते ठरवणारी. दुसरी त्या यंत्रावरच्या नोंदीवर सही करायची. दोन्ही बसवताना तिथंच तयार होतात, दोन्हींना सांकेतिक वाक्य लागतं, आणि ते वाक्य बनवणाऱ्या कंपनीलाही माहीत नसतं. रात्रीची तपासणी करायला ते वाक्य लागत नाही. नोंद बदलायला लागतं. सगळी सुरक्षितता या एका फरकात आहे.

आणि एसव्हीएनचा इतिहास बाहेर काढू नका. आजचा कोड साफ करून एका पहिल्या नोंदीनं गिटमध्ये, म्हणजे एसव्हीएनसारख्याच नव्या प्रणालीत, घाला. जुन्या इतिहासात गिऱ्हाइकांची नावं, आयपी पत्ते, कुणाचे तरी पासवर्ड असणारच. आजच्या फाइलीतून पुसलेलं इतिहासात तसंच राहतं.

शाखा_क्र_४

मी एका पतसंस्थेत संगणक विभाग बघते. कृष्णाकाठ काका, तुमचं सॉफ्टवेअर आमच्याकडं आहे का हे मी इथं लिहिणार नाही, पण आमच्याकडंही रोज सकाळी असं एक पान येतं आणि मी ते वाचते.

गिऱ्हाइकाच्या बाजूनं सांगते. आम्हाला हे तिसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. आधी आम्हाला पत्र द्या, सरळ मराठीत, काय दोष होता आणि काय करायचं ते लिहून. मग नवीन आवृत्ती बसवा, 'मास्टरकी' आमच्यासमोर बदला, सपोर्टचा पासवर्ड काढून टाका, आणि आमची सही घ्या. २३ सह्या झाल्या की मगच कोड बाहेर. एकही राहिली असेल तर थांबा.

ते सांकेतिक वाक्य कुठं ठेवायचं याची आमच्याकडं जुनी रीत आहे. तिजोरीच्या दुसऱ्या किल्ल्या सीलबंद पाकिटात दोन सह्या घेऊन ठेवतो आणि रजिस्टरला नोंद करतो. हे पाकीटही तिथंच जाईल. विसरलं तर तुम्हाला जतला यायला लागणार नाही.

संचालक मंडळाला काय सांगायचं हा तुमचा खरा प्रश्न असेल, कारण 'कोड इंटरनेटवर टाकला' हे ऐकून आमचे चेअरमन खुर्चीतून उठतील. आमच्या सभेत असाच वाद झाला होता, वेगळ्या सॉफ्टवेअरवरून. मी म्हटलं, साहेब, आपण दरवर्षी अहवाल छापतो. ताळेबंद, कर्जवाटप, थकबाकी, ऑडिटरचे शेरे, सगळं सभासदांच्या हातात देतो. त्यानं तिजोरी उघडी पडली का? उलट ज्या संस्थेनं अहवाल द्यायचं टाळलं तिथं ठेवीदार आधी पळाले. मंडळाला ते लगेच पटलं.

एक अडचण मात्र खरी आहे. माझा आयएस ऑडिटर, म्हणजे संगणक यंत्रणा तपासणारा, विचारणार, याला सपोर्ट कोण देतं? 'कोड खुला आहे' हे त्याचं उत्तर होत नाही. एका माणसाचं किंवा फर्मचं नाव, फोन आणि करार लागतो. दोन वर्षांनी तिथं कुणाचं नाव लिहू?

वकिली_पेठ

नमस्कार. तांत्रिक बाजूवर मी बोलत नाही. पण खुलं करायच्या आधी हा कोड कायद्यानं तुमचा आहे का ते बघा. उत्साहाच्या भरात हे सगळ्यात जास्त सुटतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं, उलट करार नसेल तर, मालकाचं; कलम १७. पण तुम्ही २००६ पासून कधी ना कधी बाहेरच्या मुलांकडून तुकड्यांत काम करून घेतलं असेल. पैसे दिले म्हणून तो कोड आपोआप तुमचा होत नाही. लेखी हस्तांतरण लागतं, कलम १९ प्रमाणे सहीनिशी. त्यातही लोक एका ओळीत 'सर्व हक्क दिले' असं लिहून मोकळे होतात. कायदा म्हणतो, मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरायचा. इंटरनेटवर टाकलेला कोड पाच वर्षांत संपत नाही आणि भारतात थांबत नाही. त्यामुळं मुदत आणि जगभरचा प्रदेश दोन्ही शब्दांत हवं.

दुसऱ्याचे विकत घेतलेले घटक हा पुढचा प्रश्न. डेल्फीच्या कन्सोलमध्ये तक्ते, छपाई, इन्स्टॉलर यांसाठी पैसे देऊन घेतलेले भाग असतील. वापरायचा परवाना म्हणजे वाटायचा परवाना नव्हे. नेटस्केपनं १९९८ मध्ये ब्राउझरचा कोड खुला केला तेव्हा त्यांनाही बाहेरच्यांचे भाग, आणि निर्यातीच्या कायद्यामुळं सगळा एन्क्रिप्शनचा कोड, आधी काढून टाकावा लागला होता. मोठ्या कंपनीचीही ती गत.

शिवाय गिऱ्हाइकांबरोबरच्या करारांत गोपनीयतेचं कलम दोन्ही बाजूंनी आहे का बघा. आणि परवाना निवडताना स्वतःला एकच विचारा: उद्या कुणी तुमचा कोड घेऊन, बंद करून, त्याच पतसंस्थांना विकला तर चालेल का? चालत असेल तर अपाचे हा परवाना. नसेल तर जीपीएल.

वाडीतला_सर्व्हर

मी वेगळं मत मांडतो. काका, रागावू नका, पण करू नका हे.

कोड खुला केला की माणसं येतात हा समज आहे. नेसस घ्या, संगणकांतले सुरक्षेचे दोष शोधणारं सॉफ्टवेअर. रेनॉ देरेझोंनं १९९८ मध्ये ते खुलं म्हणूनच सुरू केलं होतं, जगभर वापरलं जायचं. २००५ मध्ये त्यांच्याच टेनेबल कंपनीनं पुढची आवृत्ती बंद केली. कारण? बाहेरून कोडची मदत फार थोडी यायची आणि स्पर्धक मात्र तोच कोड विकायचे. ओपनएसएसएल घ्या, इंटरनेटवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणारा खुला कोड. निम्म्या इंटरनेटची कुलपं त्यावर, आणि हार्टब्लीडचा दोष २०१२ पासून एप्रिल २०१४ पर्यंत उघड्या कोडमध्ये पडून होता. वाचायची मुभा सगळ्यांना होती. वाचत होतं कोण?

आणि तुमच्यासारख्या थकलेल्या एकट्या माणसाला सगळ्यात मोठा धोका आहे तो मदतीला येणाऱ्याचा. एक्सझेड, लिनक्समधलं फाइली दाबून लहान करणारं खुलं सॉफ्टवेअर, आठवतंय? मार्च २०२४. एक माणूस वर्षानुवर्षं एकटा ते सांभाळत होता. 'जिया तान' नावानं कुणीतरी आलं, दोन वर्षं इमानदारीनं काम केलं, विश्वास मिळवला, प्रकाशनाचे अधिकार मिळवले, आणि ५.६.० मध्ये चोरदार घातलं. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एसएसएचनं (दुरून सर्व्हरवर) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून ते सापडलं. तुमच्या २३ पतसंस्थांत अर्धा सेकंद मोजणारा कोण आहे?

माझं म्हणणं, गिऱ्हाइकांना वाझूवर न्या. ओसेक या जुन्या खुल्या सॉफ्टवेअरमधून २०१५ मध्ये निघालेलं आहे, खुलं आहे, विंडोज सर्व्हरवर फाइलींचा पहारा ठेवतं, मागं मोठी माणसं आहेत. लिनक्स असेल तर एड (AIDE) हे फाइलींवर पहारा ठेवणारं सॉफ्टवेअर आहे. तुमचा कोड सन्मानानं निवृत्त करा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. वाडीतला_सर्व्हर, रागावलो नाही. तुमचं उत्तर मी दोनदा छापून वाचलं आणि प्रोग्रॅमरलाही वाचायला दिलं. त्यानंतर आठवडाभर आम्ही वाझू एका जुन्या मशीनवर चालवून बघितलं. पहाऱ्याच्या कामात ते आमच्यापेक्षा चांगलं आहे. हे मान्य करायला मला दोन दिवस लागले. आमचा एजंट रात्री एकदा बघतो, ते बदल झाल्या क्षणी सांगू शकतं.

पण त्याच्याकडं सकाळचं पान नाही. पहिल्या रात्रीच्या डे-एंडनंतर त्यानं आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर शेकडो सूचना दिल्या, इंग्रजीत. त्यातल्या बहुतेक रोजच्याच: डे-एंडला बदलणाऱ्या फाइली, व्याजाच्या तात्पुरत्या फाइली, बॅकअपच्या नोंदी. कुठला बदल रोजचा आणि कुठला नाही हे अठरा वर्षं शाखाशाखांत बसून आम्ही ठरवत आलो. 'आज रविवार असून ही फाइल बदलली', 'महिनाअखेर नसताना व्याजाचा प्रोग्रॅम बदलला' असली वाक्यं आमच्या कोडमध्ये आहेत. शाखाधिकारी ज्यावर सही करतो ते हेच. आमच्या उत्पादनात जपण्यासारखं काय आहे ते मला या धाग्यामुळं कळलं. हॅश काढणारा कुणीही लिहील.

मग असं ठरवलंय. एजंट निवृत्त. त्या जागी वाझू. आमचा मराठी अहवालाचा भाग वेगळा काढतोय, तो वाझूच्या नोंदी वाचून पान छापेल, आणि तो भाग जीपीएलखाली खुला करणार. जुना एजंटचा कोडही बाहेर ठेवणार, पण आधी सपोर्टच्या चार ओळी काढून, किल्ली वेगळी करून, आणि पहिल्याच पानावर 'यावर आता काम होत नाही, नवीन ठिकाणी बसवू नये' असं लिहून. जो अजून जुन्यावर असेल त्याच्या माणसाला निदान उघडून बघता यावं.

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नियमांची यादी मात्र बाहेर जाणार नाही. कोणत्या शाखेत कोणतं फोल्डर सोडून दिलंय ही माहिती त्या त्या संस्थेची आहे. ती त्यांच्या पाकिटात, त्यांच्या तिजोरीत. कोडबरोबर एक बनावट संस्थेची नमुना यादी देऊ.

डेल्फी ७ चा प्रश्नही सुटतोय. कोड खुला असून तो बांधायला आज कुणाकडं नसलेला कंपायलर लागणार असेल तर ते अर्धंच खुलं. प्रोग्रॅमर अहवालाचा भाग लझारसमध्ये, म्हणजे डेल्फीसारख्याच पण फुकट, खुल्या साधनात, आणतोय. विकत घेतलेला छपाईचा घटक निघाला, त्याजागी साधं एचटीएमएल पान. दिसायला आधीपेक्षा फिकं आहे, सहीची जागा तेवढी तशीच ठेवली.

वकिली_पेठ, तुम्ही म्हणालात तसं जुन्या फायली काढल्या. बाहेरून काम केलेली पाच जणं निघाली. चौघांनी लेखी दिलं, मुदत आणि जगभरचा प्रदेश घालून. पाचवा ऑस्ट्रेलियात आहे. फोन केला, 'सर, ते अजून चालतंय?' म्हणाला, आणि फार वेळ बोलत बसला. सही करून कागद स्कॅन करून पाठवतो म्हणालाय, मूळ प्रत टपालानं येईल.

शाखा_क्र_४ ताई, तुमच्या ऑडिटरच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वेळ लागला. आमची सपोर्टची मुलगी, ती बारा वर्षं हे फोन घेतेय आणि कुठल्या शाखेत काय होतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ती म्हणाली, कोड खुला होणार असेल तर मी माझ्या नावानं सपोर्टचा करार करते. बंद असता तर तुमच्यामागे मला कुणी विचारलंच नसतं. कोड लिहिणं तिला येत नाही, ते ती मिरजेतल्या दोन मुलांकडून करून घेणार. प्रकाशनाची किल्ली एकट्या कुणाकडं नाही: तिची आणि माझी, दोन सह्या झाल्याशिवाय नवीन आवृत्ती बाहेर पडणार नाही. ती मुलं कितीही चांगली असली तरी सुरुवातीची दोन वर्षं हेच राहील. वाडीतला_सर्व्हर, हे तुमच्यामुळं.

पत्रं गेल्या सोमवारी गेली. सपोर्ट पासवर्डबद्दल मी सगळं लिहिलं, कधी घातला, का घातला, काय होऊ शकलं असतं. दोन ठिकाणांहून चिडून फोन आले. एका बँकेनं जुन्या सगळ्या नोंदी तपासायला मागितल्या. ते त्यांचं बरोबर आहे, आम्ही दोन दिवस तिथं बसून दिल्या. एका चेअरमननी करार तोडतो म्हणून सांगितलं आणि तोडला. तिथलंही नवीन आवृत्तीचं काम आम्ही करून देणार आहोत, पैसे न घेता.

आज २३ पैकी ९ सह्या झाल्या. पहिली जतची घेतली. २०११ मधले ते अधिकारी आता तिथं नाहीत, त्यांच्या जागी एक तरुण मुलगा आहे. त्यानं सांकेतिक वाक्य स्वतः टाइप केलं, मला पाठ फिरवायला सांगून, आणि पाकिटावर लाख लावली. पुढच्या आठवड्यात विटा, तासगाव आणि कवठेमहांकाळ. एक विचारायचं राहिलं: फायरबर्ड २.५ वरून ३ वर नेताना जुन्या पासवर्डांचं खातं कुणी हलवलंय का? तीन ठिकाणी ते करावं लागणार आहे आणि एकदाच, रविवारी, करायला मिळेल.

जुना_ॲडमिन

हलवलंय. ३ मध्ये वापरकर्ते नव्या पद्धतीनं साठवले जातात, जुने पासवर्ड जसेच्या तसे येत नाहीत; सगळ्यांना नवीन द्यावे लागतील. तुमच्यासाठी ते चांगलंच आहे, त्याच वेळी 'मास्टरकी' मागं टाकता येईल. शनिवारी रात्री जीबॅकनं (फायरबर्डच्या बॅकअपच्या साधनानं) बॅकअप घ्या, दुसऱ्या मशीनवर पुन्हा उभा करून बघा, आणि मगच रविवारी हात लावा. तासगावला मी येतो, माझं गाव तिथून अर्ध्या तासावर आहे.